धनेशाला घातलेलं कुलूप

आप्पा, आज सकाळी रामनगरहून एका बाईंचा फोन आला. लग्नपत्रिका आणि बॅनर करून द्यायचं दुकान त्यांनी चार-सहा महिन्यांपूर्वी काढलंय, आणि कॉम्प्युटर अडला की त्या मला विचारतात. आजची अडचण तुम्ही लगेच ओळखली असतीत. एका आकारात फोटो बसवला होता, तो जरा सरकवायचा होता, पण माऊसला तो सापडतच नव्हता. फोटोवर क्लिक करावं तर मागचा रंग उचलला जात होता. बाई रडकुंडीला आल्या होत्या. मी म्हटलं, आधी कुलूप आहे का बघा. उजवीकडच्या यादीत, त्या चित्राच्या नावापुढे, मोहरीएवढं कुलपाचं चित्र असतं. ते होतंच. त्यांनी ते काढलं आणि फोटो हलला. दोन मिनिटांचं काम. फोन ठेवल्यापासून मी दुकानात नुसती बसून आहे, आणि बारा वर्षांपूर्वी तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं ते आता लिहितेय.

जोयड्यात आणि आसपासच्या गावांत तुम्ही उभा जन्म पाट्या रंगवल्यात. वर कन्नड, खाली मराठी, आणि दोन्हींची वळणं अशी की रंगवणाऱ्याची घरची भाषा कुठली ते कळू नये. मी दहा वर्षांची असताना गुंदच्या शाळेच्या भिंतीवरचं एक अक्षर तुम्ही मला रंगवायला दिलंत. ते वाकडं गेलं. मी म्हटलं, ब्रशचे केस फाटलेत. तुम्ही तो ब्रश माझ्या हातातून घेतलात, त्यानंच शेजारचं अक्षर सरळ काढून दाखवलंत आणि म्हणालात, "नाचता येईना अंगण वाकडं. ब्रशाला बोल लावू नगं बाय, आदी आपला हात बघ." पोरं फिदीफिदी हसली. मला तेव्हा फार राग आला होता, आणि खरं सांगायचं तर थोडा अजून आहे. ते वाक्य मी कधी विसरले नाही. तुम्हीही विसरला नाहीत, हे जास्त वाईट झालं.

पुढे फ्लेक्स आला आणि रंगाच्या पाट्या कोणी मागेना. त्याच सुमाराला तुम्ही तापातून उठलात ते उजव्या हाताची थरथर घेऊनच. तरी मी दुकानात कॉम्प्युटर घेतला तेव्हा तुम्ही रुसला नाहीत. खुर्ची ओढून बसायचात, डाव्या हातानं उजवं मनगट धरून माऊस फिरवायचात. आकाराच्या आत फोटो घातला की बाहेरचा भाग कापला जात नाही, नुसता झाकला जातो, असं मी समजावत होते, तर तुम्ही मध्येच म्हणालात की हे तर आपलं स्टेन्सिलच की. जुन्या एक्सरेच्या फिल्मा कापून तुम्ही स्टेन्सिल करायचात, ते मला आठवलं. माझ्यापेक्षा चांगलं समजलं होतं तुम्हाला. मी तसं बोलले नाही. आपल्या घरात शाबासकी द्यायची पद्धतच नव्हती.

गणेशगुडीच्या एका लॉजला पाटी हवी होती. तुम्ही पेन्सिलीनं उडता धनेश पक्षी काढलात, मी तो कॉम्प्युटरवर घेतला आणि त्याच्या आकारात काळी नदीचा फोटो बसवला, त्यात बोट आणि बोटीत वल्ही मारणारी माणसं. मागे जंगलाचा हिरवा रंग. तुमच्या हातून एकदा पाखरू एकीकडे आणि नदी दुसरीकडे झाली, आणि ती पुन्हा बसवण्यात माझा तासभर गेला. मी चिडले होते. तुम्ही चहाला गेलात तेवढ्यात मी धनेशाला कुलूप घातलं, फोटोसकट. तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. खरं म्हणजे सांगत बसायचा मला कंटाळा होता.

मग मी दुसऱ्या एका कामाच्या छपाईला बेळगावला गेले आणि तिथे तुमचा फोन आला. "बोटीतल्या मानसांची मुंडकी पाखराच्या पाठीला कापल्यात गं. बरं दिसत न्हाई. फोटो जरा खाली घ्यावा म्हनतो, पन पाखराला धरतोय तर मागचा हिरवा रंगच हलतोय." आपल्या दुकानात रेंज फक्त दाराच्या चौकटीपाशी. मी सांगायचं, तुम्ही "थांब, बघून येतो" म्हणत आत जायचं, करून बघायचं, परत दारात यायचं. दोनदा क्लिक करा म्हटलं. दुसरा, पांढरा बाण घ्या म्हटलं. सगळं बंद करून परत चालू करा म्हटलं. पाच-सहा खेपा झाल्या. शेवटी तुम्हाला धाप लागलेली मला ऐकू येत होती. इकडे मशीनचा आवाज, माझ्यामागे माणसं खोळंबलेली. कुलूप मला आठवलं नाही, शपथेवर सांगते. मी म्हटलं, "आप्पा, तुमचा हात हलतोय, म्हणून नेम चुकतोय. राहू दे, मी आल्यावर करीन."

 तुम्ही म्हणालात, "व्हय. हातच ऱ्हायला न्हाई आता." वाद घातला नाहीत. माऊसला बोल लावला नाहीत. मला तेव्हा, आप्पा, बरं वाटलं होतं. एकदा तरी चूक तुमच्या हाताची निघाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आले तर तुम्ही पायरीवर बसला होतात. सगळे ब्रश रॉकेलमध्ये धुऊन, जुन्या लुंगीच्या फडक्यात बांधून शेजारी ठेवले होते. मी आत जाऊन धनेशावर क्लिक केलं आणि हिरवा रंग हलला. तेव्हा मला ते कुलूप दिसलं. अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते मीच वाकडं करून ठेवलं होतं. मी कुलूप काढलं, फोटो खाली घेतला, माणसांना त्यांची डोकी परत मिळाली. तुम्ही आत न येता विचारलंत, "काय हुतं गं?" मी म्हटलं, "काही नाही, जमलं." तुम्ही म्हणालात, "तुजा हात चांगला हाय."

त्यानंतर तुम्ही सात महिने होतात. त्या खुर्चीवर पुन्हा बसला नाहीत, चहाचा ग्लासही दोन हातांनी धरायला लागलात. गुंदची माणसं देवळाच्या कमानीवर नाव रंगवून घ्यायला आली, त्यांना तुम्ही हात गेला म्हणून परत पाठवलंत. मी आत बसून ते ऐकलं, आणि त्या कमानीचा फ्लेक्स मीच करून दिला. शेवटच्या आठवड्यात खाटेवर पडल्या पडल्या तुम्ही पांघरुणावर बोटानं अक्षरं काढायचात. तेव्हाही मी उशाशीच होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मला लाज वाटत होती, आणि रोज ती कालच्यापेक्षा जास्त वाटायची.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही, ते ह्याच कॉम्प्युटरमध्ये पडून राहील. पण एक गोष्ट राहिली, आजचीच. रामनगरच्या बाईंनी फोन ठेवता ठेवता विचारलं, न बघताच तुम्हाला कुलपाचं कसं कळलं? मी म्हटलं, "आमच्या आप्पांनी एकदा असंच कुलूप घातलं होतं, आणि विसरले होते." त्या हसल्या. मीही हसले.