वर्गातले आबा

तीर्थरूप आबांना पोलंडहून स्वराजचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

तुम्ही फोनवर येत न्हाई, म्हणून पत्र लिहितोय. मी बरा आहे. थंडी लई आहे, पण आईची शाल अंगावर असते. इथला कोबी आपल्यापेक्षा मोठा, चव मात्र काहीच न्हाई. शेवंतीची तोडणी झाली का?

हां, वर्गाचं राहिलंच. संध्याकाळी मोठी माणसं माझ्याकडं इंग्रजी शिकायला येतात. पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. इथं मास्तरनं सगळ्यांना नुसत्या नावानं हाक मारायची असते. पण सत्तरीच्या माणसाला "यानुश" म्हणायला माझी जीभ रेटेना. तोंडातून "आबा" गेलं.

ते म्हणाले, "म्हणजे काय?"

म्हटलं, "आमच्या घरी वडलांना म्हणतात."

आता सगळा वर्ग त्यांना आबाच म्हणतो. तुमची हाक दुसऱ्याला दिली, राग धरू नका. कुरकुंभची नोकरी सोडून आलो म्हणून धरलाय, तेवढा बास झाला.

दर बुधवारी ते मला इंग्रजीत विचारतात, "घरच्या आबांशी बोललास का?" मी "हो" म्हणतो. एवढं एकच वाक्य त्यांना न चुकता येतं आन् त्याचंच उत्तर मी खोटं देतो.

रविवारी सकाळी ताईच्या मोबाईलवर फोन करीन. तेवढा हातात घ्या. शिव्या दिल्या तरी चालतील. म्हंजी बुधवारी मला खरं सांगता येईल.

आईला नमस्कार.

तुमचाच,
स्वराज