विणकामाने दडे बसत नाहीत

सुन्वा,

सकाळच्या बसने मी समुद्राखालच्या बोगद्यातून पलीकडच्या बेटावर चाललो आहे. मटणाचं सूप चुलीवर आहे, गरम करून घे.

मंगळवारी तू म्हणालीस, "दिवसभर बिलाकडे विणायला बसले होते." बिलाचं घर इथून तिसरं. मग आल्यापासून जांभया देत मला तीनतीनदा "काय म्हणालास?" का विचारत होतीस? विणकामाने कानांना दडे बसत नाहीत, बाईसाहेब! नाकाच्या मागून कानाच्या पडद्याआड एक बारीक नळी जाते. जांभई दिली किंवा आवंढा गिळला की ती उघडते आणि आतबाहेरची हवा सारखी होते. तुझ्या सर्दीने ती सुजली आहे. तू त्या बोगद्यातून गेलीस, समुद्राखाली उतरताना बाहेरचा दाब वाढला, नळी उघडलीच नाही आणि पडदा आत दबला. माझ्या भावाचा कान मोकळा झाला तेव्हा त्या आवाजाने तीन मेंढ्या कड्यावर चढल्या होत्या.

गोड गोळी चघळत राहा. नाक धरून, तोंड मिटून अगदी हळू हवा ढकल, जोर केलास तर पडद्याला इजा होईल. दोन दिवसांत सुटलं नाही किंवा दुखू लागलं तर डॉक्टरांकडे जा.

तिकडे आपलं कुणी नाही, फक्त वृद्धाश्रम आहे. मी जिन्यावरून पडल्यापासून तू आणि मुलगी कुजबुजत असता. म्हणून मीच जाऊन विचारतो, खोली कितीजणांची मागितली आहे. एकट्याची असेल तर माझं नाव खोडून येईन. दोघांची असेल तर खिडकी समुद्राकडे मागून घेईन.

हानुस