पायाखालची फळी

किंग्स्टन
बुधवार, ७ मार्च १९७९

प्रिय डॅडी,

मी बरी आहे. तुम्हीही बरे असाल असं धरून लिहिते. इसिल्डा आत्याने बसच्या कंडक्टरबरोबर पाठवलेले दोन नीरफणस मिळाले. एक दबला होता, तो त्याच दिवशी भाजून खाल्ला. दुसरा ग्रॅनव्हिलला दिला. त्याची बायको म्हणाली, माइकवरच्या पोस्टमास्टरने गावाकडे जाऊन शेवटी खरंच टपाल पाठवलं.

मागच्या खोलीचं छप्पर गळत होतं, ते दुरुस्त करून घेतलं. अंगणातला नळ बदलला. तुमची पांढरी टोपी मी धुतलेली नाही, आहे तिथे खिळ्याला आहे.

टेलिफोन ऑफिसात नवा साहेब आला आहे, वरच्या श्रीमंत वस्तीतला. परवा डबा खाताना त्याने विचारलं, "तुझे वडील नाचाच्या ठिकाणी रेकॉर्ड लावायचे ना?" मी म्हटलं, आमचा साउंड म्हणजे स्पीकरचे खोके, रेकॉर्ड आणि माइक; त्यात रेकॉर्ड ग्रॅनव्हिल लावतो. माझे वडील डीजे. रेकॉर्डमधला गाणारा थांबला, नुसता बास आणि ड्रम उरला, की माइक धरून त्यावर बोलतात.

"म्हणजे बडबड करतात."

"हो," मी म्हटलं. "वेळेवर."

मी डबा झाकला आणि कामाला गेले.

फोन करत नाही याचा राग मानू नका. जानेवारीत मी तुमच्या चौकातल्या दुकानात फोन केला होता, आठवत असेल. मी विचारलं, "तिकडे पाऊस आहे का?" तुम्ही म्हणालात, "ग्रॅनव्हिलला सांग, मी येणार नाही." मला वाटलं, हेच तुमचं उत्तर. मी फोन ठेवला. तुम्ही माझा प्रश्न ऐकलाच नव्हता, हे माझ्या डोक्यात आलं नाही. लाइन चांगली होती. मी स्वतः तपासलेली होती.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

नीरफणसांबरोबर आत्याचं पत्र होतं. त्यात तिने तुमची तक्रार केली आहे. तिचेच शब्द देते: "तुझा बाप चर्चात पुढच्या बाकाच्या कडेला बसतो आणि ऑर्गनच्या कुशीला हात लावून ठेवतो, गाभण गाईला लावावा तसा. वाजवणारी मिस मर्टल म्हणते, याला आवरा, माझी बोटं चुकतात. मी विचारलं तर म्हणतो, लाकूड गार लागतं. गातो मात्र सगळ्यांच्या मागून. आमेनसुद्धा मागून. पोरं हसतात."

हे मी उभ्याने वाचलं. मग बसले, आणि परत वाचलं.

शनिवारी मी तुमच्या जुन्या टेपा काढल्या. तुम्ही माइक धरलेल्या नाचांच्या, लोकांनी रेकॉर्ड करून ठेवलेल्या. तुम्ही नेहमी म्हणायचात की मी माणसं ऐकत नाही, मोजते. ते खरं आहे. त्या मी ऑफिसातल्या मोठ्या मशीनवर उतरवून घेतल्या. त्यावर टेप सेकंदाला साडेसात इंच पळते. ड्रमचा ठोका जिथे पडतो तिथे खूण केली, तुमचा शब्द जिथे सुरू होतो तिथे दुसरी, आणि मधलं अंतर पट्टीने मोजलं.

१९६९ मध्ये अंतर नाहीच. दोन्ही खुणा एकावर एक. तेव्हा तुम्ही आणि ग्रॅनव्हिल अजून दुसऱ्याच्या साउंडवर होतात, तुम्ही खोके उचलायला; डीजे आला नाही म्हणून तुमच्या हातात माइक दिला आणि तुम्ही म्हणालात, "टपाल आलं, दारं उघडा." त्या टेपवर लोक खूश होऊन पत्र्याचं कुंपण बडवताना ऐकू येतात. ग्रॅनव्हिलला सुई उचलून रेकॉर्ड पहिल्यापासून लावावी लागली. पाच वेळा.

१९७२ मध्ये पाऊण इंच. त्याच वर्षी सगळे म्हणू लागले की पोस्टमास्टर रिदमच्या मागून येतो, आपल्या सवडीने, साहेबासारखा. रेडिओवाल्याने त्याला नवी शैली म्हटलं. वेस्ट किंग्स्टनमधले डीजे मुद्दाम पाऊण इंच उशिरा बोलायला लागले. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि शाळेत याच गोष्टीवर ऐट मिरवायची.

१९७३ मध्ये एकदम पाव इंच. आणि मग चार वर्षं पाव इंच, जराही हललं नाही.

त्र्याहत्तर साली काय झालं, ते मला टेपवरून कळलं नाही. ग्रॅनव्हिलला विचारलं. तो म्हणाला, "काही नाही गं. जुना बासचा खोका मोडला, त्याची फळी त्याने ठेवून घेतली. नशिबाची म्हणून."

देवदाराची फळी, चार फूट दोन इंच. एक टोक बासच्या खोक्याखाली, दुसरं माइकपाशी. तुम्ही डावा बूट काढून तिच्यावर उभे राहायचात. आता शहरातले निम्मे डीजे एक बूट काढून माइक धरतात. का काढायचा ते त्यांना माहीत नाही. मलाही नव्हतं. मी ते तुमचं सोंग समजत होते, टोपीसारखं.

सत्याहत्तरच्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी आपला ब्लॅक हार्बर साउंडबरोबर सामना होता, सरस कोण ते लोक ठरवणार होते. दुपारी चार वाजता आपण जोडणी करत होतो. त्या वेळचं सगळं मला आठवतं, कारण मला वाटलं होतं की त्या दिवशी मी पहिल्यांदा सगळं बरोबर केलं. अंगणात नवं सिमेंट होतं. बास वाढवला की सुई उडत होती. मी शोधून काढलं: हादरा खोक्यातून फळीत आणि फळीतून टेबलाच्या पायात जातो. मी खोक्यांखाली टायरच्या रबराचे तुकडे घातले आणि फळी काढली.

तुम्ही आलात. "फळी कुठे आहे?"

"ट्रकमागे."

"परत ठेव."

"तिच्यामुळे सुई उडते. तीनदा मोजलंय."

"मला पायाखाली लाकूड लागतं."

"मग चर्चमध्ये उभे राहा. तिथे खाली लाकूडच आहे."

खोके उचलणारी माणसं हसली. ग्रॅनव्हिल म्हणाला, "पोस्टमास्टर, मुलगी शिकली की बापाला अशी जमिनीवर आणते." तुम्हीही हसलात, सगळ्यांचं हसून झाल्यावर. मी ते पाहिलं होतं. त्याचा अर्थ लावला नाही.

तुम्ही मला कारण सांगू शकला असतात. मी चौदा महिने हेच म्हणत होते, मनात. आता म्हणत नाही. डीजेने कोणाला सांगायचं की ऐकू येत नाही? आणि घरात सांगायचं, तर माझ्यासारख्या मुलीला?

त्या रात्रीच्या टेपवर पहिल्या रेकॉर्डला दोन इंच आहेत. तिसऱ्याला चार. त्यानंतर मी मोजणं थांबवलं, कारण तुम्ही कोणत्या ठोक्यासाठी बोलत होतात तेच कळत नाही. मग ब्लॅक हार्बरच्या डीजेचा आवाज येतो: "पोस्टमास्टर, हे टपाल कालचं आहे." आणि कुंपण बडवल्याचा आवाज. या वेळी तो त्यांच्यासाठी.

मग तुम्ही, माइकवर: "माझ्याच मुलीने बास उतरवला. माझ्याच मुलीने."

मी बास उतरवला नव्हता. मी सगळ्यांना मीटर दाखवलं. ग्रॅनव्हिलने सगळीकडे सांगितलं की इंजिनिअरबाईची जोडणी उत्तम होती, सुई एकदाही उडाली नाही. ते खरं होतं. लोकांनी मला बोल लावला नाही, तुम्हाला लावला. म्हातारा झाला, दारू प्यायला होता, मुलीवर ढकलतो. मी कोणाला अडवलं नाही. तुम्ही आत्याकडे निघून गेलात तेव्हा मी बसपर्यंत आले नाही.

रविवारी मी कानात मेण आणि कापूस भरून, वर रुमाल बांधला, आणि ग्रॅनव्हिलला खोके लावायला सांगितले. तो म्हणाला, "वेड लागलं का?" हे मी त्याच्या ओठांवरून वाचलं. सिमेंटवर मला काही कळलं नाही. नुसती माणसांची तोंडं हलत होती. मग मी फळी ठेवली, बूट काढला आणि वर उभी राहिले.

सगळं होतं, डॅडी. टाचेतून वर येत होतं. प्रत्येक ठोका.

मी उतरले तेव्हा ग्रॅनव्हिल विचारत होता की रडायला काय झालं. मी त्याला सांगितलं, मेण टोचलं. तुमच्याबद्दल त्याला काही सांगितलेलं नाही. तुम्ही नको म्हणाल तर सांगणारही नाही.

अजून एक आहे. तुम्ही मला लहानपणापासून एक सांगायचात: "पोरी, माझ्याकडे बघून बोल." मी तारांना कथलाचे डाग देत असायची, टेबलाकडे तोंड करून. म्हणायची, "कान तर इकडेच आहेत ना तुमचे?" मला वाटायचं तुम्हाला मान हवा असतो. म्हणून मी मुद्दाम वळत नसे. वर्षानुवर्षं मी तुमच्याशी पाठ करून बोलले आणि तुम्ही "हो हो" म्हणालात, आणि त्यातलं किती पोहोचलं ते मला आता मोजता येत नाही. त्याची टेप नाही.

वर मी त्या रात्रीचं एक वाक्य गाळलं आहे. ते तुम्ही विसरला नसाल, पण मी लिहिलं नाही तर हे पत्र खोटं ठरेल. तुम्ही माइकवर बोललात तेव्हा मी टेबलामागून येऊन तुमच्यासमोर उभी राहिले. माइक चालू होता. मी म्हणाले, "बास होता तिथेच आहे. बहिरे झालात का तुम्ही?"

जोडणी निर्दोष होती. ते अगदी मागच्या कुंपणापर्यंत स्वच्छ पोहोचलं. लोक हसले.

इतक्या वर्षांत ते एकच वाक्य मी तुमच्याकडे बघून बोलले.

ईस्टरच्या सोमवारी आपल्या साउंडचा नाच ठरला आहे. ग्रॅनव्हिल नवा माणूस शोधतो आहे. तुम्ही या, असं मी म्हणणार नाही. आत्याच्या पत्रातून मला जे कळायचं ते कळलं. हात आता लाकडालाच लावावा लागतो, पाय पुरत नाही. फळीवर उभं राहूनही पुढच्या वर्षी काय होईल ते तुम्हाला माझ्याआधी माहीत आहे.

पण मी येते आहे. या नाही, पुढच्या शनिवारी, १७ तारखेला, दुपारच्या बसने. फळी बरोबर आणते आहे. ऑर्गनच्या पायापासून पुढच्या बाकापर्यंतचं अंतर आत्याला मोजून ठेवायला सांगा. चार फूट दोन इंचांच्या आत असेल तर मिस मर्टलच्या बोटांना त्रास न देता काम होईल. एक बूट काढावा लागेल. पोरं हसली तर हसू द्या. त्यांच्यातलं एखादं पुढच्या रविवारी स्वतःचा काढेल.

बसमधून उतरल्यावर मी लगेच काही बोलणार नाही. आधी तुमच्यासमोर येऊन उभी राहीन, उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी. मग बोलेन, आणि हळू बोलेन. जे पोहोचणार नाही ते परत सांगेन, तुम्ही म्हणाल तितक्या वेळा, पहिल्यापासून.

तुमच्याकडे तोंड करून,
डेलरोझ