खिडकीजवळची बुटकी खुर्ची

व्हरमाँट, मार्चचा पहिला मंगळवार

प्रिय मेरिलीस,

आज शाळेतच भरलेल्या गावसभेत शाळेच्या खर्चावर हात वर करून मत घेतलं. नामंजूर झाला असता तर शाळा बंद, पोरं बसने डोंगरापलीकडे. मी हात वर करताच शेजारचा ऑर्विल म्हणाला, "म्हाताऱ्या, तुझ्या घरात पोर कुठंय? शाळेपायी कर वाढला की रडशील."

"मग तू ठेव तुझा हात खाली," मी म्हणालो.

एका हाताच्या फरकाने शाळा वाचली. नंतर पोरांनी वाढलेलं सूप घेऊन मी पहिलीच्या वर्गातल्या बुटक्या खुर्चीवर बसलो. खिडकीतून आपलं घर दिसतं. तुझ्या लेकीला, टेसाला, खिडकीजवळ बसायला आवडतं का? विचारलं तर तुला वाटेल, तुम्हाला परत बोलावतोय. बोलावतोयच. म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही.

तुझी काळजी करणारा,
बाबा