उदाहरण क्रमांक चार

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त भाषाशिक्षिका, हे माझे अखेरचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे; शंका असेल त्याने मला कोणत्याही अलंकाराची व्याख्या विचारून बघावी. कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याला भुलून मी हे करत नाही. गोड बोलणारे आता घरी येतही नाहीत. याआधीचे इच्छापत्र मी रद्द करते. त्यात दिराला वाटा होता.

१. राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावे. तो इथे राहायला येणार नाही. त्याने ते खुशाल विकावे. फक्त खालच्या शिंप्याला विकू नये. तेवीस वर्षे त्याने माझ्या खिडकीखाली मशीन खडखडवले आणि तक्रार केली की दात काढून म्हणायचा, "बाई, यालाच नादमाधुर्य म्हणतात ना?"

२. शब्दकोशाचे दोन्ही खंड शाळेच्या शिपाईबाईंना द्यावेत. त्यांना ते वाचायचे नाहीत, टेबलाच्या मोडक्या पायाखाली हवेत, असे त्यांनी तोंडावर सांगितले. त्या शाळेत सरळ बोलणारी तेवढी एकच बाई भेटली.

३. माजी मुख्याध्यापकांना काहीही देऊ नये. निरोपाच्या भाषणात त्यांनी मला ज्ञानाचा सागर म्हटले आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाची किल्ली काढून घेतली. शाळेने शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर मला दीपस्तंभ म्हणू नये. अतिशयोक्ती शिकवण्यात माझा जन्म गेला, मेल्यावर तरी तिच्यातून सुटका करा.

४. माझा नवरा हयात असेल तर त्याला त्याची छत्री द्यावी. सत्तावीस वर्षांपूर्वी घर सोडून गेला तेव्हा घाईत विसरला होता. बरोबर निरोप देऊ नये.

५. नववीसाठी मी लिहिलेली अलंकारांची पुस्तिका माझा धाकटा दीर आपल्या छापखान्यात छापतो. एकोणीस आवृत्त्या झाल्या. तिचे सर्व हक्क मुलाला मिळावेत. दिराला तिच्या एका पानालाही हात लावता येऊ नये. कारण लिहिते.

पान सात, रूपक, उदाहरण क्रमांक चार: 'माझा मुलगा म्हणजे दगड आहे.' हे वाक्य मी घरी बसून रचलेले नाही. भर वर्गात, माझ्याच मुलाला उभे करून बोलले, आणि वर म्हटले, "घ्या लिहून. रूपक." बेचाळीस मुलांनी लिहून घेतले. शाळा सुटायच्या आत त्याचे नाव दगड पडले. तेव्हापासून तो मला आई म्हणत नाही. घरीसुद्धा बाई म्हणतो.

पुढे दिराने एका विद्यार्थ्याच्या वहीतल्या माझ्या टिपणांवरून पुस्तिका छापायला घेतली. मुद्रिते मी तपासली. ते वाक्य मला दिसले होते. उदाहरण सोपे होते, मुलांना चटकन कळण्यासारखे होते, म्हणून मी ते राहू दिले. याची मला लाज वाटते.

गेल्या वर्षी मुलगा दोन दिवसांसाठी आला. नात आता नववीत आहे. तिच्या दप्तरातून तीच पुस्तिका निघाली.

"आजी, चौथ्या वाक्यात उपमेय कोणतं गं?"

"मुलगा," मी म्हटले.

"आणि उपमान दगड. सोप्पंय!"

मुलगा दारात उभा होता. म्हणाला, "बरोबर आहे का हो तिचं, बाई?" मी मान डोलावली. पोरीला त्याने कधी काही सांगितलेलेच नव्हते.

ते गेल्यावर मी छापखाना गाठला आणि ते वाक्य काढ म्हटले. दीर हसला. "वहिनी, अहो तेच तर पोरांच्या डोक्यात बसतं! परीक्षेला हमखास येतं ते." याच माणसाने पुतण्याला अंगाखांद्यावर खेळवले होते. मी जिवंत असेपर्यंत त्याने माझ्या दारात पाय ठेवू नये, आणि नंतर तर मुळीच नको.

मुलापाशी एक गोष्ट मी कधी बोलले नाही, ती इथे लिहून देते. त्या दिवशी मी वर्गाला वडिलांवर एकेक रूपक करायला सांगितले होते. हा धडा मी दरवर्षी असाच घेत असे. रांगेने पोरे उठत होती: माझे वडील म्हणजे भिंत, माझे वडील म्हणजे वाघ. मुलाचा नंबर आला. त्याचे वडील घर सोडून जाऊन चार दिवस झाले होते. त्याला वगळले असते तर वर्गाला संशय आला असता, म्हणून मी त्यालाही उठवले. तो उभा राहिला आणि गप्प राहिला. मी तीनदा विचारले. मग माझ्या तोंडून ते वाक्य निघाले.

त्याच सकाळी डबा देताना मीच त्याला बजावले होते, "शाळेत बाबांबद्दल कोणीही विचारलं, कोणीही, तरी तोंडातून एक शब्द काढायचा नाही."

त्याने काढला नाही.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: १. डोळ्यांचे डॉक्टर २. वरच्या मजल्यावरील परिचारिका
(दोघांनी माझ्यादेखत वाचून, माझ्यासमोर सह्या केल्या.)
स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च २०२६, सोमवार