बिनजकातीचं पंधरावं

२ जुलै
आज इतिहास घडला. कोलोनच्या फ्री झोनमध्ये आपलं स्वतःचं गोदाम! (दुसऱ्याच्या गोदामातला कोपरा. पण कोपरा मोक्याचा.) चीनहून पहिला माल आला. मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे झगे (इकडे तो लग्नाच्या थाटात करतात) आणि उंच टाचांचे सँडल.

झोनची गंमत अशी, की माल बोटीतून उतरून भिंतीच्या आत आला, तरी तो पनामात आला असं धरतच नाहीत. जकात शून्य! हवा तितका ठेवा, खोकी फोडा, लेबलं बदला, थोडा कोलंबियाला धाडा, थोडा व्हेनेझुएलाला. भिंतीबाहेर, आपल्या देशात, जेवढा काढाल तेवढ्यावरच जकात. बायकोला, दामारिसला, हे सगळं समजावलं. ती मासे तळत होती. कोपऱ्याचं भाडं किती, एवढंच तिनं विचारलं. दूरदृष्टी उपजतच असावी लागते.

९ जुलै
यारेलिसचं पंधरावं २६ तारखेला. लेकीच्या पायातल्या सपाट चपला काढून बापानं तिला पहिल्यांदा उंच टाचा घालायच्या, मग बापलेकीचा वॉल्ट्झ नाच. दामारिस शिंप्याकडे निघाली होती. शिंपी! गोदामात झग्यांचा डोंगर असताना!

यारेलिसला झोनमध्ये नेलं. निळा झगा घालून तिनं गिरकी घेतली आणि पप्पा, हाच, असं म्हणून गळ्यात पडली. शब्द दिला. बाप असावा तर असा.

१३ जुलै
झगा बाहेर काढायचा तर जकात म्हणे. माझ्याच मालावर? माझ्याच लेकीसाठी? गेटवरचा पहारेकरी आकिलिनो म्हणाला, एका झग्याची ती जकात काय, भर आणि मोकळा हो. प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे, हे त्याला सविस्तर सांगितलं. झोनचे नियमही शिकवले. मागे ट्रकवाले बोंबलत होते. अडाणी.

१४ जुलै, दाढी करताना
सुचलं!! झगा बाहेर येत नाही ना? मग वाढदिवसच आत न्यायचा! एवढं सोपं कुणाला कसं सुचलं नाही? हसता हसता गाल कापला. दामारिस म्हणाली, डोकं कापलं असतं तरी काही वाया गेलं नसतं.

१९ जुलै
आत फक्त खरेदीदारांना पास मिळतो. मग पाहुणे म्हणजे खरेदीदार! पाद्रीबाबा सँडल बघायला. सासूबाई एनेइदा कोलंबियातल्या कार्ताहेनाच्या घाऊक व्यापारी. त्यांच्याकडून घोकून घेतलं. त्या म्हणाल्या, जावईबापू, कार्ताहेना मी जन्मात पाहिलं नाही, आणि या वयात खोटं बोलून मला नरकात धाडू नका. घाबरल्यात, दुसरं काही नाही. पास मिळाले. मी जिनियस.

२५ जुलै
संकल्प: उद्या रडायचं नाही.

२६ जुलै, दुपार
फर्स्ट क्लास! खोक्यांवर पताका, मधोमध नाचायला जागा. यारेलिस निळ्या झग्यात बसली आहे. सँडल माझ्या हातात. पाहुणे येतीलच.

थोड्या वेळानं
पाहुणे गेटवर अडकलेत. काय खरेदी करणार, असं आकिलिनोनं सासूबाईंना विचारलं. नातीचा मुका, असं त्या म्हणाल्या. संपलं! सगळे पास जप्त. शिवाय रश्श्याचं पातेलं आत गेलं म्हणजे परदेशात गेलं, परत आणताना जकात लागेल, असं आकिलिनो ऐकवतो. हे त्याला मीच शिकवलं होतं.

किरकोळ अडचण. झोनच्या साहेबाला भेटतो.

आणखी थोड्या वेळानं
साहेब भेटला. भेटला नसता तर बरं झालं असतं. झोन बंद व्हायचा भोंगा झाला. सगळ्यांनी बाहेर व्हा म्हणतात. झगा सोडून.

२७ जुलै
काल भोंग्यानंतर यारेलिसनं खोक्यांमागे जाऊन झगा उतरवला. शाळेचा युनिफॉर्म चढवला. झग्याची नीट घडी घालून पिशवीत ठेवली, माल खराब होऊ नये म्हणून. तिथेच माझा संकल्प मोडला.

गेटबाहेर फुटपाथवर सगळे उभे. पातेलं उघडलेलं, पाद्रीबाबा खात होते. मी म्हणालो, एकंदरीत नियम चोख पाळले गेले. दामारिस म्हणाली, तोंड बंद कर आणि गुडघ्यावर बस.

बसलो. हात रिकामे, सँडल आतच राहिलेले. तेव्हा दामारिसनं स्वतःच्या पायातले उंच टाचांचे बूट काढून माझ्या हातात दिले आणि अनवाणी उभी राहिली. यारेलिसला ते सैल. पुढे पेपरचे बोळे कोंबले. मी डावा बूट उजव्या पायात घालू लागलो. पप्पा, उलटा पाय, एवढंच ती म्हणाली, पण हसली. आकिलिनोनं मोबाइलवर वॉल्ट्झ लावला. नाचलो.

बूट दामारिसनं गावातल्या दुकानातून घेतलेले. जकात भरलेले.