मोठ्या कुलुपाची किल्ली

मी, सुंदरराव त्रिंबकराव, वय चौपन्न, राहणार कुंभकोणम्, हे स्वहस्ते लिहितो. डॉक्टरांच्या मते हृदय थकले आहे. बुद्धी शाबूत आहे, आणि रागही. कोणाचा दाब नाही. याआधी काही लिहिले असल्यास ते रद्द.

१. राहते घर व इन्नंबूरचे शेत कन्या गोमती हिला.

२. वडिलांनी जमवलेली बारा कपाटे ताडपत्रेही तिलाच. अडचण किल्लीची. खोलीला कुलूप एकच. ते फोडल्यास संग्रह मठाला जाईल, आणि चुलतबंधू मुकुंदरावअण्णा स्वतः लिहून देईपर्यंत किल्ली त्यांचीच, अशी वडिलांची व्यवस्था.

अण्णांचा नियम असा, की आत एका वेळी एकच जण. नकलनवीस चार होते तेव्हा महिन्याला आठ पोथ्या उतरत. वडिलांनी माणसे दुप्पट केली, तर पाचच उतरू लागल्या. सात जण बाहेर तिण्णईवर, दारापुढच्या ओट्यावर, बसून पाळीसाठी भांडत. मी म्हटले, "अण्णा, कपाटागणिक कुलूप करा. वैद्यकवाल्याने ज्योतिषवाल्यासाठी का थांबावे?"

"बारा किल्ल्या कमरेला बांधून खुळखुळत हिंडू? मी काय पोळ्याचा बैल?"

वडील गेल्यावर, १९४८ साली, अण्णा किल्लीसकट पट्टीश्वरमला लग्नास गेले ते नऊ दिवस राहिले. आत वाळवी लागली. गोमती खिडकीच्या गजांतून पाहत होती, आम्ही बाहेर उभे. वडिलांच्या हातची न्यायशास्त्रावरील टीका, एकुलती प्रत, माती झाली. परतल्यावर अण्णा म्हणाले, "कुलूप तर शाबूत आहे ना?" ते वाक्य मी आठ वर्षे सांभाळले आहे.

३. गोमतीने प्रत्येक कपाटास वेगळे कुलूप करावे. नुसते वाचणारे कितीही एकत्र बसोत. दुरुस्ती करणाऱ्यास मात्र कपाट एकट्याला द्यावे. दोन कपाटे लागणाऱ्याने लहान क्रमांकाचे आधी घ्यावे. नाहीतर दोघे एकेक अडवून दुसऱ्यासाठी एकमेकांची तोंडे बघत बसतात; मठात एकदा असे दोघे तीन दिवस बसले होते.

४. मोठे कुलूप अण्णांना, किल्लीशिवाय. ते वाचायला आल्यास तिण्णईवर बसवावे, ताक द्यावे, पाळी शेवटची.

५. समोर येईल त्या कागदावर न वाचता सही करणे ही अण्णांची तीस वर्षांची रीत. सबब खाली सही करणारे मुकुंदराव त्या सहीनेच किल्लीचा हक्क गोमतीस लिहून देत आहेत.

कुंभकोणम्, १४ सप्टेंबर १९५६.
(सही) सुंदरराव त्रिंबकराव

आम्हां दोघांसमक्ष वरील सही झाली:
१. महालिंग अय्यर, वकिलांचे गुमास्ते. (वाचून, दोनदा.)
२. मुकुंदराव. ("कुठे करू?" एवढेच विचारले.)